फिल्टर का अडकतो?

मार्च महिन्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अठ्ठावीस किलोमीटरवरच्या केंद्रावर दहावीच्या परीक्षेसाठी पर्यवेक्षक म्हणून हजर व्हायचे होते. आदल्या दिवशी रविवार असल्याने मोटारसायकलचे ऑईल बदलून टाकावे असा विचार केला. जुने ऑईल काढले आणि फिल्टर फिरवायला घेतला. तो हलेना. फडके गुंडाळून पाहिले, दोन्ही हात लावले, शेजाऱ्यांना बोलावले. शेवटी कोणीतरी सांगितलेला उपाय केला. फिल्टरच्या डब्यात हातोडीने स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकला आणि त्याला धरून जोर लावला. फिल्टर फिरला नाही. डब्याचा पत्रा मात्र टरकन फाटला आणि स्क्रू ड्रायव्हर रिकामा फिरून माझ्या हातात आला.

आता गाडी चालू करण्याचाही मार्ग उरला नव्हता. संध्याकाळी एक माजी विद्यार्थी आला. तो गावातच गॅरेज चालवतो. त्याने फाटलेला पत्रा बाजूला केला, खालच्या जाड चकतीच्या कडेला लहान छिन्नी लावली आणि हातोडीने हलके ठोके दिले. सात-आठ ठोक्यांत चकती हलली. मग त्याने विचारले, "सर, मागच्या वेळी फिल्टर तुम्हीच बसवला होता ना? रिंगेला तेल लावलं होतं का?"

"नाही. चांगली कोरडी, स्वच्छ पुसून बसवली होती."

"आणि आवळला कशाने?"

"पान्याने. गळू नये म्हणून."

"मग सर, फिल्टर आज अडकलेला नाही. मागच्या वर्षीच अडकलाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. त्याचा अर्थ लावायला बसलो, तेव्हा लक्षात आले की आठवी ते दहावीला आपण घर्षण, उतरण, बलाचे आघूर्ण म्हणून जे शिकवतो, ते सारे या मुठीएवढ्या डब्यात आहे. तेच या लेखात मांडायचे आहे.

डब्याची रचना

सगळ्याच मोटारसायकलींना असा डबा नसतो. १९९४ मध्ये आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांत एक जाळी आणि गोल फिरून गाळ बाजूला टाकणारा केंद्रोत्सारी फिल्टर असतो. इतर बऱ्याच गाड्यांत झाकणाच्या आत कागदी फिल्टर बसवलेला असतो. झाकणाचे बोल्ट काढले की तो बाहेर येतो. आपण बोलतो आहोत तो तिसरा प्रकार. यात कागद, झडप आणि बाहेरचा पत्र्याचा डबा हे सगळे एकत्र असते आणि संपूर्ण डबाच इंजिनवर फिरवून बसवतात. रॉयल एनफिल्डच्या २०१८ साली आलेल्या दोन सिलिंडरच्या ६५० सीसी गाड्यांत असाच डबा असतो, मारुती ८०० मोटारीतही असाच असे. ट्रॅक्टर, जीप, जनरेटर या सर्वांवर तो दिसतो. त्यामुळे मोटारसायकल नसली तरी शाळेच्या जवळपास असा एखादा जुना फिल्टर नक्की मिळेल. गॅरेजमधून एक मागून आणा आणि तेल पूर्ण निथळू देऊन वर्गात दाखवा.

डब्याचे उघडे तोंड पाहा. मध्ये एक मोठे भोक असते आणि त्याला आतून आटे असतात. इंजिनवरच्या आटे असलेल्या पोकळ खुंटावर हे भोक बसते. मधल्या भोकाभोवती लहान लहान भोके असतात. त्यांतून घाण ऑईल डब्यात शिरते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या पोकळ खुंटातून इंजिनात परत जाते. सर्वांत बाहेर, कडेजवळ, एक काळी रबरी रिंग असते. डबा आवळला की ही रिंग इंजिनच्या सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर दाबली जाते आणि ऑईल बाहेर येत नाही.

आपल्या गोष्टीतले मुख्य पात्र ही रिंग आहे. बहुतेकांना वाटते की फिल्टर आट्यांत अडकतो. मलाही तसेच वाटत होते. म्हणून मी आट्यांत जावे या आशेने बाहेरून गंज सोडवायचे तेल मारत बसलो होतो. पण आटे तर डब्याच्या आत, सदासर्वकाळ ऑईलमध्येच बुडालेले असतात. तिथे गंज कुठून येणार? आणि बाहेरून मारलेले तेल तिथवर जाणार कसे? मध्ये रबरी रिंग आहे, आणि काही आत-बाहेर जाऊ न देणे हेच तिचे काम आहे.

किती घट्ट असायला हवा?

फिल्टर घट्ट का बसवावा लागतो ते आधी पाहू. इंजिन चालू असताना पंप ऑईलला दाब देतो. समजा हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आहे. रिंगेचा आतला व्यास साडेपाच सेंटिमीटर धरला, तर तिच्या आतले क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे ऑईल त्या डब्याला इंजिनपासून दूर ढकलते ते साधारण १२० किलो वजनाइतक्या बलाने. सिमेंटची दोन पोती आणि वर वीस किलो! एवढा भार घेऊनही रिंग पृष्ठभागाला दाबलेली राहिली पाहिजे. ती सुटली तर ऑईल बाहेर फेकले जाते. मोटारसायकलवर ते मागच्या चाकाच्या टायरवर जाऊ शकते, आणि वळणावर तेलकट टायर म्हणजे काय, ते सांगायला नको. तेव्हा "गळू नये म्हणून" पान्याने आवळणाऱ्याची भीती अगदी खोटी नसते. उपाय तेवढा चुकलेला असतो.

आता बलाचे आघूर्ण पाहू. यालाच गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात. मोटारसायकलच्या अशा फिल्टरसाठी कंपन्या साधारण १७ ते २६ न्यूटन-मीटर टॉर्क सांगतात. आपण १७ धरू. डब्याच्या खुंटाचा व्यास पुष्कळदा २० मिलिमीटर असतो आणि दोन आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर. म्हणजे डबा एक पूर्ण फेरा फिरला की दीड मिलिमीटर आत सरकतो.

आटे म्हणजे गुंडाळलेली उतरण, हे आपण मुलांना कागदी काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळून दाखवतोच. इथे त्या उतरणीची लांबी म्हणजे आट्यांचा परीघ, सुमारे ६० मिलिमीटर. चढ दीड मिलिमीटर. म्हणजे चाळीसास एक. घाटातले रस्तेही यापेक्षा कितीतरी चढाचे असतात. इतक्या सौम्य उतरणीवर ठेवलेली वस्तू घर्षणामुळे आपणहून खाली घसरत नाही. म्हणूनच आवळलेला फिल्टर आपोआप उलटा फिरत नाही. स्क्रू जागेवर राहतो तो घर्षणाच्या कृपेने, ही गोष्ट पुष्कळ मुलांना नवी वाटते.

एक छोटी आकडेमोड

डबा फिरवताना तीन गोष्टींवर मात करावी लागते. रिंगेचे घर्षण, आट्यांचे घर्षण आणि उतरणीचा चढ. प्रत्येकीचा विरोध दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असतो. फरक असतो तो त्रिज्येचा.

तेल लावलेल्या रिंगेचा घर्षणांक ढोबळमानाने ०.१५ धरू. ती मध्यापासून सुमारे २९ मिलिमीटरवर आहे. दोहोंचा गुणाकार ४.३५. आट्यांचा घर्षणांकही ०.१५ धरू. त्यांची त्रिज्या मात्र जेमतेम साडेनऊ मिलिमीटर आहे. आट्यांच्या तिरप्या बाजूंमुळे विरोध थोडा वाढतो. तो धरून हा आकडा १.६ येतो. उतरणीचा वाटा म्हणजे दीड मिलिमीटरला वर्तुळाच्या ६.२८ ने भागायचे, तो ०.२४. तिन्हींची बेरीज ६.२.

याचा अर्थ असा की आपण लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे ७० टक्के रिंगेच्या घर्षणात जातो, २६ टक्के आट्यांच्या घर्षणात आणि फक्त ४ टक्के प्रत्यक्ष दाबण्यासाठी उपयोगी पडतो. १७ न्यूटन-मीटर म्हणजे १७००० न्यूटन-मिलिमीटर. त्याला ६.२ ने भागले की दाबणारे बल मिळते, सुमारे २७४० न्यूटन. म्हणजे जवळजवळ २८० किलो वजनाइतके. ऑईल १२० किलोने ढकलते आहे, आपण २८० किलोने दाबले आहे. हिशेब बरोबर जमला.

आता गंमत पाहा. फिल्टर काढताना रिंग आणि आटे पूर्वीसारखेच विरोध करतात. उतरण मात्र आता आपल्या बाजूला असते, कारण आपण उताराच्या दिशेने जातो. म्हणून ०.२४ मिळवण्याऐवजी वजा करायचे. बेरीज ५.७ येते. म्हणजे घट्ट करायला जितका टॉर्क लागला, त्याच्या सुमारे ९२ टक्क्यांतच फिल्टर सुटला पाहिजे. कागदावर पाहिले तर काढणे हे बसवण्यापेक्षा सोपे!

मग प्रत्यक्षात उलटे का होते? दाबणारे बल तर वाढलेले नसते. उलट महिनोन्महिने दबून राहिलेले रबर थोडे सैलावते आणि हे बल कमीच होते. उतरण बदललेली नसते. राहता राहिला एकच आकडा, तो म्हणजे रिंगेचा घर्षणांक.

रबराचे वागणे

रबर धातूसारखे कडक नसते. दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि समोरच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म खड्ड्यांत जाऊन बसते. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावरही असे खड्डे असतातच. वेळ जाईल तशी खऱ्या अर्थाने टेकलेली जागा वाढत जाते. त्यात इंजिन रोज तापते आणि निवते. मधले थोडेफार ऑईल पिळून निघून जाते, कडेला उरलेले ऑईल उष्णतेने चिकट होते. वर्षाअखेरीस रबर त्या धातूला जवळजवळ चिकटलेले असते.

स्थिर राहण्याच्या काळाबरोबर स्थितिक घर्षण वाढते, ही गोष्ट फ्रेंच अभियंता कूलोम याने अठराव्या शतकातच नोंदवली होती. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे आपण त्याला ओळखतो, पण १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घर्षणावरच्या कामात त्याने लाकूड आणि धातूच्या जोड्या वेगवेगळा वेळ स्थिर ठेवून मोजमापे केली होती. आपल्या पाठ्यपुस्तकात स्थितिक घर्षणांक म्हणजे एक ठरलेली संख्या असते. पुष्कळ जोड्यांना ते ठीक आहे. रबराच्या बाबतीत मात्र ती संख्या वेळ, तापमान आणि दाब यांप्रमाणे बरीच बदलते.

कोरड्या बसवलेल्या रिंगेचा घर्षणांक ०.६ धरून वरचाच हिशेब पुन्हा करा. रिंगेचा आकडा ४.३५ चा १७.४ होतो. दाब तोच ठेवला तर फिल्टर सोडवायला सुमारे ५१ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे तिप्पट. आकडे ढोबळ आहेत, पण कल कोणत्या दिशेने आहे ते स्पष्ट दिसते.

याच हिशेबातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघते. कोरडी रिंग बसवताना आपण तेवढाच, १७ न्यूटन-मीटर, टॉर्क लावला तर काय होईल? जवळजवळ सगळा टॉर्क रिंगेच्या घर्षणातच संपतो. दाबणारे बल उरते सुमारे ९० किलोचे, आणि ऑईल ढकलते आहे १२० किलोने! म्हणजे हाताला फिल्टर अगदी घट्ट लागतो, पण तो पुरेसा दाबलेला नसतो. मग थोडा पाझर दिसतो, आपण पाना घेऊन आणखी आवळतो, आणि पुढच्या वर्षी तो निघत नाही. गळणे आणि अडकणे हे दोन वेगळे दोष वाटतात. दोन्हींचे मूळ कारण मात्र एकच, रिंगेवर न लावलेला ऑईलचा थेंब.

हात कमी का पडतो?

समजा आपण डबा मुठीत धरला. अंगठा एका बाजूने आणि चार बोटे दुसऱ्या बाजूने, दोन्हीकडून ३० किलोचा दाब दिला. कोरड्या त्वचेचा घर्षणांक ०.५ धरला तर दोन्ही बाजू मिळून ३०० न्यूटन घर्षण मिळते. डब्याची त्रिज्या ३३ मिलिमीटर. टॉर्क झाला सुमारे १० न्यूटन-मीटर. हात तेलकट असेल तर घर्षणांक ०.१ वर येतो आणि टॉर्क फक्त २. ज्या कामाला १५ ते ५० लागतात, त्याला आपण २ लावत असतो. हातात ताकद नसते असे नाही. ती डब्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून फिल्टर काढण्याच्या सगळ्या युक्त्या दोनच गोष्टी करतात. एक तर पकडीचे घर्षण वाढवतात, नाहीतर तरफेची भुजा वाढवतात. हे लक्षात ठेवले की कोणती युक्ती आधी आणि कोणती शेवटी, हे पाठ करावे लागत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे. कोमट रबर थोडे मऊ होते आणि ऑईल पातळ. त्याहून जास्त तापवू नये. पुष्कळ गाड्यांत फिल्टर सायलेन्सरच्या पाइपांजवळ असतो आणि हात भाजतो. मग खालचा नट काढून ऑईल भांड्यात घ्यावे.

दिशा नीट ठरवावी. डब्याच्या बंद बुडाकडे तोंड करून पाहिले की घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिल्टर सुटतो. गाडीखाली आडवे पडून, उलट्या बाजूने हात घालून काम करताना भलेभले चुकतात आणि तो आणखी आवळतात. वर्गात एक पारदर्शक बाटली घेऊन तिचे झाकण वरून आणि मग बाटलीच्या बुडातून पाहत फिरवा. दिशा उलटी दिसते. मुलांना हे एकदा दिसले की ती विसरत नाहीत.

पहिली युक्ती फुकटची आहे. डबा आणि हात साबणाने किंवा कोरड्या फडक्याने पूर्ण तेलविरहित करावेत, डब्याभोवती जाडा पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळावा आणि दोन्ही हातांनी फिरवावे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो. पुष्कळ फिल्टर एवढ्यावरच निघतात.

दुसरी, डब्याच्या बुडावर बसणारा वाटीसारखा पाना. डब्याच्या बुडाशी कडेने पैलू असतात, ते या वाटीत नेमके बसतात. त्याला पाव मीटर लांबीचा दांडा लावून १५ किलोचा जोर दिला तरी ३७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. वाटी नेमक्या मापाची हवी. सैल असेल तर पैलू घासले जातात आणि पुढचे काम अवघड होते.

तिसरी, पट्ट्याचा पाना. यातले विज्ञान सर्वांत सुंदर आहे. बैलाचे दावे खुंट्याला दोन वेढे देऊन धरले की मोठा बैलही लहान मुलाच्या हातून सुटत नाही. नावाडी होडीचा दोर खांबाला असाच वेढतो. या वेढ्याचे सूत्र अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडले. घर्षणांक ०.४ असेल तर एका पूर्ण वेढ्याने बल सुमारे १२ पट होते आणि दोन वेढ्यांनी जवळजवळ १५० पट. म्हणजे वेढे बेरजेने वाढतात आणि पकड गुणाकाराने वाढते. पट्ट्याच्या पान्यात आपण दांडा जितका जोराने ओढू, तितका पट्टा डब्याला अधिक आवळतो. तो घसरण्याचा प्रश्न कमी होतो. मात्र दांडा ओढल्यावर पट्टा आवळला जाईल अशाच बाजूने तो घालायला हवा. उलटा घातला तर सैल होतो. पट्टा डब्याच्या बुडाशी न लावता इंजिनकडच्या टोकाशी लावावा, कारण तिथे आत जाड चकती असल्याने पत्रा चेपत नाही.

स्क्रू ड्रायव्हर आणि छिन्नी

आता माझ्या चुकीकडे येऊ. स्क्रू ड्रायव्हर आरपार घातला की तरफेची भुजा लांब होते, हे खरे. पण तो टॉर्क रिंगेपर्यंत पोहोचवणार कोण? पातळ पत्रा. स्क्रू ड्रायव्हरची सगळी ताकद दोन लहान भोकांच्या कडांवर एकवटते. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब प्रचंड. रिंग सुटण्यापूर्वी पत्रा फाटतो. पुन्हा, तो भलत्या जागी ठोकला तर मधल्या खुंटाचे आटे खराब होऊ शकतात, आणि खुंट बदलणे हे फिल्टरपेक्षा फार मोठे काम आहे. एकदा भोक पाडले की गाडी चालवून गॅरेजपर्यंत नेण्याचा पर्यायही संपतो. तेव्हा ही युक्ती शेवटची. करायचीच झाली तर इंजिनकडच्या जाड चकतीजवळ, पण खुंटापासून बाजूला, दोन्ही भिंतींतून आरपार घालावा आणि झटका न देता सावकाश जोर वाढवावा. नवा फिल्टर हाताशी नसेल तर करूच नये.

पत्रा फाटून चकती तेवढी राहिली, तर माझ्या विद्यार्थ्याने केले ते करावे. छिन्नी चकतीच्या कडेला, शक्य तितकी परिघाच्या दिशेने लावून उलट दिशेने हलके ठोके द्यावेत. इथे छिन्नीचे बल सर्वांत मोठ्या त्रिज्येवर लागते. शिवाय ठोक्याचा वेळ फार थोडा असल्याने तेवढ्या क्षणापुरते बल खूप मोठे असते. स्थितिक घर्षण एकदा मोडले की पुढे गतिक घर्षण उरते, आणि ते कमी असते. म्हणून पहिला मिलिमीटर हलायला सात ठोके लागले आणि नंतर चकती बोटाने फिरली. छिन्नीचा घाव इंजिनच्या सपाट पृष्ठभागावर मात्र पडता कामा नये. तिथे एक चर पडली तर नवी रिंगही गळेल.

बसवतानाची चार कामे

फिल्टर निघाला की खरे काम सुरू होते. पहिले, जुनी रिंग डब्याबरोबर आली आहे का ते पाहावे. कधी ती इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर येतात, दाबाखाली वरची रिंग बाहेर सरकते आणि सगळे ऑईल काही क्षणांत निघून जाते. दुसरे, सपाट पृष्ठभाग स्वच्छ फडक्याने पुसावा. तिसरे, नव्या रिंगेवर बोटाने स्वच्छ ऑईल फिरवावे. चौथे, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि त्यानंतर डब्यावर किंवा पुस्तिकेत सांगितले असेल तितका, बहुधा पाऊण फेरा, आणखी फिरवावा.

फिरवण्याचे हे माप फेऱ्यात का सांगतात, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. टॉर्क घर्षणावर अवलंबून असतो आणि घर्षण किती आहे ते आपल्याला दिसत नाही. फेरा मात्र भूमितीवर अवलंबून असतो. दीड मिलिमीटरच्या आट्यांवर पाऊण फेरा म्हणजे रिंग सुमारे १.१ मिलिमीटर दबणार, मग ती तेलकट असो वा कोरडी. डब्यावर खडूने एक खूण करून ठेवली की फेरा मोजता येतो. नंतर इंजिन चालू करून एक-दोन मिनिटे कडेला पाझर नाही ना ते पाहावे आणि ऑईलची पातळी पुन्हा तपासावी.

काढलेले ऑईल गटारात किंवा मातीत ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे, तिथून ते पुनर्वापरासाठी जाते. वापरलेले ऑईल त्वचेला अपायकारक असते, म्हणून हात साबणाने धुवावेत.

वर्गात करून पाहा

हाच प्रयोग मोटारसायकलीशिवाय करता येतो. झाकणाला रबरी रिंग असलेल्या आणि एकाच मापाच्या काचेच्या चार बरण्या घ्या. दोन रिंगा कोरड्या ठेवा, दोनांना खाद्यतेलाचे बोट फिरवा. सगळी झाकणे टेकल्यानंतर सारखाच फेरा देऊन आवळा. झाकणाभोवती कापडी पट्टीचे दोन वेढे देऊन तिचे टोक ताणकाट्याला अडकवा आणि झाकण हलण्याच्या क्षणी काट्यावर किती बल दिसते ते नोंदवा. प्रत्येक प्रकारची एक बरणी लगेच उघडा, दुसरी आठवडाभर उन्हात ठेवून मग उघडा. चार आकडे मिळतील. तेल आणि वेळ यांचा परिणाम त्यांतून दिसतो का, ते मुलांनाच ठरवू द्या. बलाला झाकणाच्या त्रिज्येने गुणले की टॉर्कही काढता येईल. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर का आले नाहीत, ही चर्चा अधिक उपयोगी ठरते.

त्या सोमवारी मी दुधाच्या गाडीतून केंद्रावर पोहोचलो, वेळेत. गाडी त्या विद्यार्थ्याकडेच ठेवली होती. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा त्याने नवा फिल्टर माझ्याच हातात दिला आणि म्हणाला, "तुम्हीच बसवा सर, मी बघतो." मी रिंगेवर ऑईलचे बोट फिरवले, खडूची खूण केली आणि पाऊण फेऱ्यावर थांबलो. आणखी थोडे आवळावे असे हाताला वाटत होते, पण मी आवळले नाही.

पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी मी फिल्टरला हात लावला. कोरड्या फडक्याने धरून दोन्ही हातांनी फिरवला, आणि तो निघाला.